चेंडू उजवीकडे पळतो म्हणून डावीकडे उभं राहू नका

वाचकांचे प्रश्न, निवृत्त सुभेदारांची उत्तरं

प्रश्न : सुभेदार साहेब, नमस्कार. दारव्हा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, घरची शेतीही आहे. वय सेहेचाळीस. साळा नागपूरला असतो, त्याच्या नादानं गोल्फ लागला. महिन्यातून एखाद्या रविवारी त्याच्यासोबत खेळतो, बाकी सराव वावरात. उजव्या हातानं खेळतो. माझा चेंडू निघतो डावीकडे आणि मग असा काही उजवीकडे वळतो की थेट शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे. ड्रायव्हरनं, म्हणजे लांब मारायच्या काठीनं, जास्त, सात नंबरच्या आयर्ननं, म्हणजे मधल्या अंतराच्या काठीनं, कमी. मोबाइलवर व्हिडिओ पाहून सगळं करून झालं. उजवं कोपर पोटाला चिकटवलं, कंबर आधी फिरवली, डोकं खाली ठेवलं, डावीकडे निशाणा धरून उभा राहिलो. जितका डावीकडे उभा राहतो तितका चेंडू उजवीकडे जास्तच पळतो. जुना अमेरिकन गोल्फर बेन होगन याची डाव्या हाताची पकड एका व्हिडिओत दाखवली होती, तशीच धरतो. लहानपणापासून टेनिस बॉल क्रिकेट भरपूर खेळलो आहे. काय चुकतंय?

उत्तर : भाऊ, ‘चेंडू निघतो डावीकडे आणि मग वळतो’ हे तुम्ही लिहिलं ते फार बरं केलं. बाकीचे नुसतं ‘स्लाइस होतो (म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो), उपाय सांगा’ लिहून मोकळे होतात. चेंडू कुठं पडला हे सगळे सांगतात. तो निघाला कुठं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि निदान तर तिथंच असतं.

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडू एकमेकांना लागून राहतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात दोन गोष्टी ठरतात. क्लबचं तोंड, म्हणजे फेस, कुठं पाहत होता आणि क्लबचं डोकं कुठल्या वाटेनं चाललं होतं. चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेनं निघतो. ड्रायव्हरला फेसचा वाटा सुमारे ८५ टक्के, आयर्नला ७५ च्या आसपास. पुढे तो वळतो, ते फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. पूर्वी नेमकं उलटं शिकवायचे, की चेंडू वाटेनं निघतो आणि फेसकडे वळतो. रडारची यंत्रं आली आणि ते खोटं ठरलं, पण जुने मास्तर अजून तेच सांगतात. छावणीच्या मैदानावर असे पुष्कळ पाहिले.

आता तुमचं बघू. चेंडू डावीकडे निघतो, म्हणजे ठोक्याच्या क्षणी तुमचा फेस निशाणाच्या डावीकडे बघतोय. तरी चेंडू उजवीकडे वळतो, म्हणजे क्लबची वाट फेसहूनही जास्त डावीकडे आहे. त्या वाटेच्या मानानं फेस उघडाच राहिला. तुम्ही पाय डावीकडे वळवले की वाट आणखी डावीकडे जाते, पण नजर झेंड्यावर असल्यानं हात फेसला झेंड्याकडेच ओढतात. दोघांमधलं अंतर वाढलं, वळण वाढलं. तुम्ही जितके डावीकडे वळाल तितका चेंडू उजवीकडे पळणारच, त्याचा दोष नाही.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि ते तुमच्या साळ्याला पटणार नाही. तुमची वाट हा रोग नाहीच. ती शरीरानं शोधलेली पळवाट आहे. सुरुवातीला तुमचा फेस उघडा राहत असणार आणि चेंडू सरळ उजव्या हाताच्या झुडपांत जात असणार. दोन-चार चेंडू तिकडे गेले की माणूस न सांगता क्लब डावीकडे ओढायला लागतो. त्यात तुमचा टेनिस बॉलचा हात. डावा पाय बाजूला काढून, उजवा खांदा पुढे घालून, बाहेरून आत आडवा फटका. लेग साइडला सिक्सर मारायला तो उत्तम, इथं तोच घात करतो. तुम्ही केलेले सगळे उपाय, कोपर काय, कंबर काय, त्या वाटेवरचे आहेत. फेसला कुणी हातच लावला नाही. आणि फेस उघडा असेपर्यंत शरीर ती पळवाट सोडणार नाही, कितीही व्हिडिओ पहा.

उलट होगनच्या पकडीनं तुम्ही फेस आणखी उघडला. होगन हुकनं हैराण झालेला खेळाडू होता. त्याचा चेंडू डावीकडे वळायचा, म्हणून त्यानं हात क्लबवर डावीकडे सरकवून पकड कमजोर केली. तुमचा आजार उजवीकडचा. बोंडअळीचं औषध मावा-तुडतुड्यांवर फवारायला तुम्ही कुण्या शेतकऱ्याला देणार नाही, मग हे काऊन घेतलं?

आधी हातमोजा काढून बघा. तळहाताच्या टाचेशी, करंगळीखालच्या मांसल भागावर, चामडं घासून काळं पडलंय किंवा भोक पडलंय का? असेल तर क्लब तळहातात धरताय, फावड्याचा दांडा धरतो तसा. क्लब बोटांत बसायला हवा : डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरपा, आणि वरून तळहाताची गादी. अंगठा दांड्याच्या मधोमध नको, थोडा उजवीकडे. मग खाली मान घालून बघा. डाव्या हाताच्या दोन गाठी दिसायलाच पाहिजेत. तुम्ही काही दिवस तीन दिसतील असं धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली घडी उजव्या खांद्याकडे जाईल. उजवा हातही तसाच बाजूनं, वरून नको. आठवडाभर हे फार विचित्र वाटेल. दुकानात गिऱ्हाईक नसताना क्लब हातात घेऊन नुसतं धरा-सोडा करा, चेंडू मारायची गरज नाही.

त्यानंतर वावरात सात नंबरनं फक्त कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग. मागे नेताना दांडा जमिनीला समांतर झाला की थांबून बघा, फेस आभाळाकडे बघत असेल तर उघडा. त्याची खालची कड साधारण तुमच्या वाकलेल्या पाठीच्या कोनात असावी. पुढच्या बाजूलाही तीच तपासणी. क्लबचं टोक वर किंवा किंचित डावीकडे झुकलेलं हवं.

आता महत्त्वाचं. असं केल्यावर चेंडू सरळ जाणार नाही. तो डावीकडे निघेल आणि डावीकडेच जाईल, थेट डाव्या हाताच्या धुऱ्यावर. साळा म्हणेल बिघडवून ठेवलं. बिघडलेलं नाही, फेस बंद व्हायला लागला त्याची ही खूण आहे. वाट अजून जुनी आहे एवढंच. इथं घाबरून पकड पुन्हा पहिल्यासारखी कमजोर करायची नाही. बहुतेक लोक नेमके इथंच माघारी फिरतात आणि जन्मभर स्लाइस मारत राहतात. चेंडू डावीकडे जातोय हे शरीराला कळलं की क्लब डावीकडे ओढण्याचं कारणच उरत नाही, आणि वाट सुधारायला ते तयार होतं.

मग वाटेकडे वळा. दोन सरळ तुराट्या घ्या. एक चेंडूच्या पलीकडे निशाणाच्या दिशेनं, दुसरी पायांच्या टोकांशी तिला समांतर. पायांची ओळ निशाणावर रोखायची नसते, त्याच्या डावीकडून समांतर जाते. तुमच्यासारख्याला सरळ उभं राहिलं तरी उजवीकडे उभे आहोत असं वाटेल, म्हणून डोळ्यांवर नको, तुराटीवर विश्वास ठेवा. (लोखंडी सळई वापरू नका. क्लब लागला तर दांडाही जातो आणि मनगटही.) आता रिकामं पोतं गुंडाळून चेंडूच्या वीतभर मागे, पण तुमच्यापासून पलीकडच्या बाजूला, चेंडूच्या ओळीबाहेर दोन-तीन बोटं ठेवा. बाहेरून आत येणारा क्लब पोत्याला लागेल. पोत्याला न लागता चेंडू मारायचा तर उजवा खांदा मागे थांबवावाच लागतो, कुणी सांगावं लागत नाही. मोबाइलवर शूटिंग घ्यायचं तर पाठीमागून, पायांच्या ओळीत, हाताच्या उंचीवर ठेवून. तिरका ठेवला तर चांगला स्विंगही वाईट दिसतो आणि वाईट चांगला.

ड्रायव्हर तोवर पिशवीत. त्यानं वळण जास्त दिसतं कारण त्याचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, कमी. फेस आणि वाटेतला तोच फरक सात नंबरला थोडं वळवतो आणि ९ अंशाच्या ड्रायव्हरला धुऱ्यापलीकडे नेतो. पुढे जमलं तर १२ अंशाचा बघा. ड्रायव्हरच्या तोंडावर अंगाला लावायची पावडर शिंपडून दोन-चार चेंडू मारा. डाग दांड्याजवळ, टाचेकडे येत असतील तर ठोक्यासरशी क्लबचं डोकं किंचित फिरतं आणि उजवीकडची फिरकी आणखी वाढते. बाहेरून आत येणाऱ्याचे डाग बहुधा तिथंच असतात. चेंडू डाव्या टाचेच्या समोर ठेवा, त्याच्याही पुढे नको. फार पुढे ठेवला की खांदे आपोआप डावीकडे उघडतात.

स्विंग दिसायला सुंदर असलाच पाहिजे असं समजू नका. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग पाहिला तर साळा हसेल, क्लब वर जाऊन वळसा घालून खाली येतो. त्या माणसानं २००३ साली यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत एक फेरी अवघ्या ५८ फटक्यांत संपवली. ठोक्याच्या क्षणी त्याचा फेस जागेवर असतो.

आणि एक, कापूस फुटलेल्या वावराजवळ पांढरा चेंडू मारायचा मूर्खपणा कोणी करू नये. नारिंगी चेंडू घ्या. वेचणीच्या बाया आसपास असतील तेव्हा तर अजिबातच नाही. पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅमचा टणक चेंडू डोक्याला लागला तर काय होतं हे मी पाहिलंय. भोकांचा प्लास्टिकचा चेंडू वापरा, वळण त्यातही दिसतं.

प्रश्न : काका, मी मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर लष्करात असताना मी गोल्फ शिकले, आता शाळेमागच्या मोकळ्या जागेत सराव करते. क्लब आधी जमिनीत घुसतो, मग चेंडूला लागतो. उन्हाळ्यापासून कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. आणि ताकद कमी पडते, चेंडू लांब जात नाही.

उत्तर : ताई, आधी कोपर. दुखणं थांबेपर्यंत चेंडू मारणं बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. कोपराच्या आतल्या बाजूच्या या दुखण्याला गोल्फचंच नाव पडलंय, ते अंगावर काढलं की महिनोन्महिने राहतं. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते तेव्हा ती माती नसते, सिमेंट असतं. त्यावर आयर्न आपटला की सगळा हादरा कोपरात.

बरं वाटल्यावर कडक जागा सोडा आणि नुकतंच वखरलेलं वावर शोधा. भुसभुशीत मातीत हादरा बसत नाही आणि क्लब कुठं लागला ते स्पष्ट उमटतं. शाळेत कबड्डीचं मैदान आखायची फक्की असेलच. तिची एक आडवी रेघ ओढा, दोन पायांच्या मधोमध येईल अशी उभ्या राहा आणि चेंडूशिवाय हळू स्विंग करा. मातीतला ओरखडा रेघेवर सुरू होऊन पुढे, निशाणाकडे जायला हवा. तुमचा मागे सुरू होत असणार. कारण बहुधा एकच, तुम्ही चेंडू उचलायला बघता. त्यासाठी वजन उजव्या पायावर राहतं, शरीर मागे झुकतं आणि क्लब आधीच जमिनीला टेकतो. चेंडू वर न्यायचं काम क्लबच्या तिरप्या तोंडाचं आहे, तुमचं नाही. उभं राहतानाच वजन थोडं डाव्या पायावर ठेवा आणि फटका संपेपर्यंत तिथून हलवू नका. ओरखडा पुढे सरकताना डोळ्यांना दिसेल.

लांबीचं मनावर घेऊ नका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या तिच्या मागे राहिल्या. ती पटिंगवर, म्हणजे चेंडू हळूच भोकात घालण्यावर, तरली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून पटिंग करा, कोपरालाही त्रास नाही.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. माझे जुने लोखंडी दांड्याचे क्लब कापून त्याला दिले तर चालतील का? (अकोट)

उत्तर : नाही, दादा. दांडा कापला की तो आणखी ताठ होतो आणि डोकं मात्र मोठ्या माणसाचंच राहतं. त्या वजनाला सांभाळताना पोरगं नको त्या सवयी लावून घेतं, त्या सोडवायला पुढं मलाच पत्र लिहाल. मुलांचे हलके क्लब मिळतात. ते नाही जमलं तर बायकांचा जुना ग्रॅफाइट दांड्याचा सेट बघा, तो थोडा कापला तरी निभतं. अख्खा सेट नको. नियमानं पिशवीत १४ चालतात म्हणून १४ घ्यायची गरज नाही. एक सात नंबर आणि एक पटर द्या, आणि पटर तेवढा बिनधास्त कापा.