गाणं आईला ऐकवायचं की नाही ते नंतर बघू

अरे, चर्च सोडल्यावरचं तुझं हे पहिलं गाणं लगेच रिलीज करू नकोस, आधी ते फक्त तुझं असू दे. मी पण नाशिकच्या शरणपूर रोडला, ख्रिस्ती घरात वाढलो, रविवारी चर्च चुकलं की घरात दोन दिवस अबोला, आणि पहिल्या गाण्यात मी नुसता राग ओतला होता, आज ऐकवत नाही कारण त्यात मी कुठेच नाहीये, फक्त पप्पांचा आवाज आहे. तू छोटी गोष्ट घे. गुडघे टेकून टेकून पडलेले घट्टे, पेटीच्या भात्याचा तो श्वास.

आणि चाल. उपासनेत शेवटी आमेनला, सी पट्टीत असेल तर, एफ कॉर्डवरून सी कॉर्डवर येतात बघ, ते आपल्या अंगात मुरलंय, म्हणून तू एफ वरच थांबून बघ, मला तिथे रडू आलं होतं खरंच.

भजनं सोडलीच पाहिजेत असं नाही हं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग, ओवी सोडली नाही, मग चर्च सोडून चर्चची चाल तू का टाकायची?

रात्री रेकॉर्ड करताना छातीत धडधडलं तर मोबाईल बंद कर, गोदाघाटावर चक्कर मार, जवळच्या कुणाला तरी फोन लाव. गाणं कुठे पळून जात नाही.