विमानावर बसवून हवा मोजणारं उपकरण घेताय? आधी एवढंच बघा

भावा, अनुदान मंजूर झालं म्हणून लगेच टेंडर काढू नकोस. काय मोजायचंय, किती उंचीवर, विमानात वजन आणि वीज किती मिळणार, हे आधी कागदावर आण. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. पंचगंगेकाठी झकास चालणारा पार्टिकल काउंटर (हवेतले कण मोजणारं यंत्र) तिथं तसाच चालेल असं धरू नकोस. त्या दाबावरच्या चाचणीचा अहवाल मागच.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- एकाच कंपनीचं माहितीपत्रक स्पेसिफिकेशन (उपकरण कसं हवं त्याच्या अटी) म्हणून उतरवतात. मग दुसरा बोलीदार हरकत घेतो, फाईल लटकते. उत्पादक खरंच एकच असेल आणि निधी केंद्राचा असेल, तर सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 166 (एकाच पुरवठादाराकडून खरेदी) वाच.
- कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राचं मोजमाप तपासून जुळवण्याचा खर्च धरत नाहीत.
- हवा आत घेणारा इनलेट विसरतात! यंत्र भारी, पण विमानाच्या वेगात मोठे कण आत नीट येतच नाहीत.

ड्रोनवर बसवणार असशील तर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ लक्षात ठेव. विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत हिरवा झोन (परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो तो भाग) नसतो, परवानगी लागते. आयात, सीमाशुल्क वगैरे नंतर बघू. आधी स्पेसिफिकेशनचा मसुदा टाक, वाचतो.