एका तुटक्या हाडावरून पक्षी कसा ओळखतात?

प्रश्न : न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या तीन वेगळ्या जाती मानल्या होत्या, पण ते एकाच पक्ष्याचे नर-माद्या निघाले असं वाचलं. मग नुसत्या हाडांवरून जाती ठरवण्यात काय अर्थ? आणि असे न उडणारे मोठे पक्षी आपल्याकडे कधी होते का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं हाडांच्या कपाटासमोर गेली. त्यामुळे ‘काय अर्थ’ हे शब्द मला जरा लागले, आणि म्हणूनच सविस्तर लिहिते.

गोष्ट 1839 सालची. न्यूझीलंडहून आलेला हाडाचा एक तुकडा जॉन रूल नावाच्या शल्यवैद्याने लंडनमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना दाखवला. जेमतेम 15 सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकं मोडलेली. प्रथमदर्शनी बैलाच्या नळीसारखा. ओवेन यांनी संग्रहातली माणसाची, घोड्याची, बैलाची हाडं काढून एकेक शेजारी ठेवून पाहिलं. जुळेना. मग हाडाच्या आतली जाळी त्यांनी बारकाईने पाहिली. ती सस्तन प्राण्याची नव्हती, पक्ष्याची होती. पण उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या मांडीच्या हाडात जशी हवा खेळते, तशी इथे खेळत नव्हती. म्हणजे शहामृगाच्या तोडीचा, पण त्याहून जड, सुस्त चालीचा पक्षी. तेवढ्याशा तुकड्यावर त्यांनी हे जाहीर केलं. 1843 मध्ये न्यूझीलंडहून हाडांची पेटी आली आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. त्याच वर्षी त्यांनी या पक्ष्याला, म्हणजे मोआला, ‘डायनॉर्निस’ हे नाव दिलं.

आता हे नीट लक्षात घ्या. तो तुकडा पक्ष्याचा आहे, न उडणाऱ्या पक्ष्याचा आहे, एवढं एका हाडावरून सांगता आलं. जाती किती, हे मात्र एका हाडावरून सांगता येत नाही. त्यासाठी ढीग लागतो, आणि ढिगातच माणूस फसतो.

मी स्वतः फसले आहे. एम.एस्सी.ला असताना सरांनी कोंबड्यांच्या पायांच्या हाडांचं एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. पंजाच्या वरचं, खवल्यांखाली असतं ते हाड. त्याच्या खालच्या टोकाला विहिरीवरच्या कप्पीसारखे तीन उंचवटे असतात, पुढच्या एकेका बोटासाठी एकेक. (शहामृगाला दोनच बोटं, म्हणून त्याच्या कप्प्याही दोन. मोआला पुढे तीन बोटं. एवढ्या एका खुणेवरही दोघे वेगळे काढता येतात.) मी दोन दिवस कॅलिपर घेऊन मोजमापं घेतली. आखूड-बारीक आणि लांब-जाड असे दोन गट इतके स्वच्छ पडले, की मी वहीत लिहिलं, ‘जाती दोन’. सरांनी एक लांब हाड उचललं आणि त्याच्यावरच्या आरीवर, म्हणजे कोंबड्याच्या पायामागच्या टोकदार काट्यावर, बोट ठेवलं. म्हणाले, “हे कोंबडे, त्या कोंबड्या. सगळं एकाच खुराड्यातलं.” आरी मला दिसली होती. पण आकाराने मन इतकं व्यापलं होतं, की तिचा अर्थ लावायचं सुचलंच नाही.

मोआच्या बाबतीत असंच झालं, आणि तिथे मदतीला आरीही नव्हती. डायनॉर्निसच्या लहान, मध्यम, मोठ्या हाडांना तीन जातींची नावं मिळाली. मोआची हाडं शेकडो ते काही हजार वर्षांपूर्वीची, दगड न झालेली, थंड हवेत टिकलेली, म्हणून त्यांत डीएनए शिल्लक होता. पक्ष्यांत मादीकडे डब्ल्यू गुणसूत्र असतं, नराकडे नसतं. 2003 मध्ये दोन गटांनी हाडांत नेमकं तेच शोधलं. लहान जात म्हणून गणलेली हाडं सगळी नरांची निघाली. मादी नराच्या दीडपट उंच आणि वजनाने पावणेतीन पटींपर्यंत. कोंबड्यांच्या नेमकं उलट! आज डायनॉर्निसच्या दोन जाती मानतात, एक उत्तर बेटावरची, एक दक्षिण बेटावरची.

वयाचाही असाच घोळ होतो. घरी रस्सा केलात तर तंगडीचं हाड पाहा. ब्रॉयलरचं असेल तर टोकाची पांढरी कूर्चा दाताखाली निघून येते, कारण ते जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू असतं. जुन्या गावठी कोंबडीचं टोक कडक हाडाचं. काही मोआंच्या हाडात तर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं मिळाली आहेत. त्यांच्या हाडांची वाढ पुरी व्हायला दहा-दहा वर्षं लागत. अशा पक्ष्याचं अर्धवट वाढलेलं पिल्लू सहज दुसरी जात म्हणून नोंदवलं जाऊ शकतं.

म्हणून सांगते, हाडं खोटं बोलली नव्हती. मोजमापं आजही तीच आहेत, फक्त त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या तालुक्यातच मिळालेला आहे. पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यांतल्या एका तुकड्यावर माणसाने कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आहे. काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा. कवचं शहामृगाचीच का, ही शंकाही रास्त होती. 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए काढला. तो आजच्या आफ्रिकी शहामृगाशी जुळला. पाटणादेवीला तुम्ही जात असालच. पुढच्या खेपेला गावाजवळची ती जागा विचारून पाहून या. जमिनीवर पातळ, किंचित वळलेली, बारीक छिद्रांची खापरी दिसली तर ती खिशात टाकू नका. आहे तिथेच ठेवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.