टॉवेल आधी पोचू द्या, मग कॅमेरा लावा

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मुंबईच्या पार्ट्यांसाठी, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी, महिन्यातून दोन-तीनदा सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जावं लागतं. दोन रात्री गाडीत आणि एक दिवस पेढ्यांच्या पायऱ्या चढण्यात जातो. व्हिडिओ मिटिंग करून पाहिली, पण रंगावरून वाद झाला आणि शेवटी जावंच लागलं. हे खरंच जमतं का?

उत्तर : जमतं. फक्त रंग आणि मऊपणा पडद्यावर ठरवायला जाऊ नका. मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो आणि समोरच्याचा स्क्रीन त्यात आणखी भर घालतो. तुमचा मोरपंखी त्यांना निळा दिसला, तर चूक कुणाचीच नसते.

एकच टॉवेल मधोमध कापा. अर्धा पार्टीला कुरिअर करा, अर्धा स्वतःजवळ ठेवा. दोन वेगळे नग पाठवले तर लॉटमधल्या फरकाचा वाद उरतोच. एकाच टॉवेलच्या दोन तुकड्यांत तो उरत नाही. दोन्ही तुकड्यांना नमुना नंबर, शेड नंबर, साइज, जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका. डकवलेली चिठ्ठी निघून येते. ‘मिळाला’ असा निरोप आल्याशिवाय मिटिंगची वेळ ठरवू नका. दोघांनीही तुकडा दुपारी खिडकीजवळ, पण थेट ऊन न पडणाऱ्या जागी धरून पाहायचा. लाइट बॉक्स (रंग तपासायची दिव्याची पेटी) असेल तर दोन्हीकडे डी-६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित, दिवा लावा.

वजन मात्र कॅमेऱ्यासमोर उत्तम दाखवता येतं. जीएसएम कटरनं १०० चौरस सेंटिमीटरची चकती काढा, काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला १०० नं गुणा : ४.५ ग्रॅम म्हणजे ४५० जीएसएम. टेरीत एका चकतीवर विसंबू नका, लूप कुठे दाट कुठे विरळ असतात. तीन जागच्या चकत्या काढा, शिवाय अख्खा टॉवेल तोला. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ४५० जीएसएमला सुमारे ५०६ ग्रॅम भरायला हवा. इथे एक गोष्ट हमखास नडते. सुती माल हवेतला ओलावा ओढतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोललेला टॉवेल मुंबईच्या दमट हवेत १५-२० ग्रॅम जास्त भरू शकतो. म्हणून वजनात किती टक्के कमी-जास्त चालेल, ते सौद्यातच लिहून घ्या.

झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. आधी नमुना, मग नगसंख्या आणि तारीख, भाव शेवटी. मिटिंग संपल्यावर तासाभरात नमुना नंबर, नग, भाव, डिलिव्हरी आणि पेमेंटचे दिवस लिहून पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर मागा. ते आल्याशिवाय माग चढवू नका.

नवी पार्टी असेल किंवा गेलेला माल नापास झाला असेल, तर गाडी पकडा. तिथे समोरासमोर बसण्याला पर्याय नाही.

प्रश्न : ऑफिसात आम्ही तिघं आपापल्या लॅपटॉपवरून एकाच मिटिंगला बसतो. आवाज घुमतो, शिट्टी वाजते, मागे मागांची खडखड असते. मध्येच वीजही जाते.

उत्तर : एका खोलीत एकच माइक, एकच स्पीकर. बाकीच्यांनी नुसतं म्यूट होऊन भागत नाही. त्यांच्या स्पीकरमधला आवाज चालू माइकमध्ये शिरतो. त्यांचा आवाजही शून्यावर हवा.

पंख्यासारखी एकसुरी घरघर अ‍ॅप बरीचशी कापतं, मागाचा ठोका तितका कापला जात नाही आणि त्या नादात तुमचे शब्द मात्र तुटतात. कॉलरचा माइक घ्या आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. समोरच्या उघड्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी टांगा, घुमणं लगेच कमी होतं. खडखड मात्र त्यांनी थांबत नाही. त्यासाठी दार-खिडक्या बंदच हव्यात.

वीज गेली तरी लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय, ते पाहूनच घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ निवडा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

प्रश्न : जर्मनीच्या ग्राहकाशी ठरलेली वेळ वर्षातून दोनदा चुकते. असं का?

उत्तर : तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. त्यांचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारी दीड, हिवाळ्यात अडीच. निमंत्रण कॅलेंडरमधून पाठवा, वेळ जर्मनीची धरा.