व्हिडिओ कॉलवर डॉक्टर आहेत, पण नस कोण तपासणार?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या भाचीला कुष्ठरोग निघालाय, वय 19, एमडीटीच्या (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या) गोळ्या चालू आहेत. गाव गडचिरोली जिल्ह्यात अगदी आतल्या बाजूला, स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं तर अख्खा दिवस जातो. आता तिचं कोपराजवळ दुखतंय, करंगळी बधिर वाटते. मोबाईलवर दाखवलं तर चालेल का? दहावीही राहिलीये, घरचे म्हणतात आता कशाला शिकायचं.

उत्तर: ताई, करंगळीचं आधी, कारण त्याला वेळ नाहीये. कोपरामागच्या नसेला सूज आली की असं होतं, याला रिअॅक्शन म्हणतात, गोळ्या लागू पडत नाहीत असा याचा अर्थ नाही, मेलेल्या जंतूंवरही शरीर भडकतं, त्यामुळे एमडीटी अजिबात बंद करू नका. स्टेरॉईड वेळेत सुरू झालं तर नस वाचू शकते, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. उद्याच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्या.

मोबाईलवर चालेल, पण घरून नको. ई-संजीवनी ही व्हिडिओ कॉलवर डॉक्टर देणारी सरकारची फुकट सेवा आहे, उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असतात त्यांना तिथूनच कॉल लावायला सांगा. चट्टा फोटोत दिसतो हो, पण नस जाड झालीये का ते बोटांनी चाचपूनच कळतं, डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक टेकवायचं आणि कुठे लागलं विचारायचं, करंगळी बाहेर ताणून दाबाला टिकते का बघायचं, हे शेजारी बसलेल्या माणसानेच करावं लागतं आणि डॉक्टर ते कॅमेऱ्यात बघतात. कॉलचा खरा फायदा मला पुढे दिसतो: स्टेरॉईड एकदम थांबवता येत नाही, कित्येक आठवडे डोस हळूहळू उतरवतात, शुगर-बीपी बघावं लागतं, तेवढ्यासाठी दरवेळी तिला शहरात कशाला ओढायचं?

आणि शिक्षण अजिबात सोडू नका, प्लीज! औषध सुरू झालं की लागण पसरणं लवकरच थांबतं, ती कुठल्याही वर्गात बसू शकते. वर्ग जमत नसेल तर एनआयओएस या सरकारी मुक्त शाळा मंडळातून घरी बसून दहावी होते, मराठी माध्यम आहे, रजिस्ट्रेशन 5 वर्षं चालतं, एकेक विषय सोडवत जाता येतं. हात कमजोर राहिलाच तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा, 2016 च्या कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती येतात, मग पेपरला लेखनिक मागता येतो.

तोवर चुलीजवळ तिने फडकं धरल्याशिवाय भांडं उचलू नये, बधिर बोटाला चटका कळत नाही, आणि रोज रात्री दोन्ही हातांचे तळवे उजेडात बघायचे.