मतदान होते म्हणजे हुकूमशाही नाही, असं असते का?

प्रश्न : आमच्या घरी रोज रात्री जेवताना वाद. मोठे बाबा म्हणतात देशाला दहा वर्षं एक कडक हुकूमशहा पाहिजे, आणीबाणीत गाड्या कशा टायमावर धावायच्या. मी म्हटलं हे अधिकारशाहीचं समर्थन झालं, तर म्हणतात अधिकारशाही म्हणजे कम्युनिस्टांचं, रशियातलं काम, अन् जिथे मतदान होते तिथे हुकूमशाही नसतेच. मला धड उत्तर देता येत नाही. राजेशाहीचंही सांगा ना, तीपण त्यातच येते काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी ते कम्युनिस्टांचं बाजूला काढा. जमीन-कारखाने कोणाच्या ताब्यात हा एक प्रश्न, अन् सत्तेला नाही म्हणता येते की नाही हा दुसरा. चिलीत जनरल पिनोशेनं १९७३ मध्ये बंड करून सत्ता घेतली, सरकारी कंपन्या विकल्या, बाजार खुला केला, कम्युनिस्टांना तुरुंगात टाकलं, तरी ती पक्की हुकूमशाहीच.

हुआन लिंझ नावाच्या अभ्यासकानं १९६४ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनबद्दल लिहिताना एक फार कामाचा फरक सांगितला. हिटलर-स्टॅलिनच्या राज्यात सरकारला तुमचं डोकंही पाहिजे असते, मिरवणुकीत या, घोषणा द्या, पोरांना संघटनेत घाला. फ्रँकोचं तसं नव्हतं. चर्च, लष्कर, धंदेवाले यांना थोडीथोडी जागा होती, अन् बाकीच्यांनी आपलं काम करावं, राजकारणात नाक खुपसू नये, बस. यालाच तो अधिकारशाही म्हणतो. म्हणून तर अशा देशात राहणारा माणूस अगदी खरेपणानं सांगतो की आम्हाला काही त्रास नाही बा, अन् नसतोही, जोवर स्वतःची जमीन किंवा स्वतःचा पोरगा कुठे अडकत नाही, मग कळते की कोर्ट, पेपर, विरोधी आमदार, कोणाकडेच जायची सोय नाही.

आता मतदान. मेक्सिकोत १९२९ ते २००० एकच पक्ष, नावं बदलत, सत्तेत होता. दर सहा वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक व्हायची, अध्यक्षाला दुसऱ्यांदा उभं राहायला बंदी, विरोधी पक्षही होते, फक्त पुढचा उमेदवार मावळता अध्यक्षच ठरवायचा अन् तोच निवडून यायचा. म्हणून मतदान होते का हे विचारू नका, सत्तेतला माणूस हरू शकतो का ते विचारा. कधीकधी हिशोब चुकतोही, पिनोशेनं १९८८ मध्ये ‘मला आणखी आठ वर्षं द्यायची का’ असं जनमत घेतलं अन् सुमारे ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं.

आणीबाणी २१ महिने होती, जून १९७५ ते मार्च १९७७. पेपरवर सेन्सॉर, ‘मिसा’ नावाच्या कायद्याखाली खटल्याशिवाय तुरुंग, अन् एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं की अशा अटकेविरुद्ध हायकोर्टातही दाद मागता येणार नाही, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. गाड्या वेळेवर असतीलही, पण लेट झाल्या असत्या तर छापलं कोणी असतं? चीनमध्ये १९५८ नंतर हेच झालं, खालचे अधिकारी भीतीपोटी पीक फुगवून सांगत राहिले, सरकार त्या आकड्यांवर धान्य उचलत राहिलं, अन् कोट्यवधी लोक उपाशी मेले.

आपल्याकडे मात्र १९७७ ला इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून हरल्या अन् खुर्ची सोडली. त्याच निवडणुकीत नागपूरनं काँग्रेसचाच खासदार दिला, बरं का! दोन गावांनी उलटसुलट मतं दिली अन् दोन्ही मोजली गेली, मोठ्या बाबांना हे जरूर सांगा, त्या काळातले आहेत, आठवत असेल.

राजेशाहीचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये राजा आहे, पण २०२४ मध्ये तिथलं सरकार मतांनी पडलं. सौदीत राजा स्वतःच सरकार नेमतो, ती अधिकारशाहीच. स्पेनची तर गंमतच, फ्रँकोनं आपल्यामागे कोण म्हणून राजपुत्र हुआन कार्लोसला स्वतः निवडलं, १९७५ मध्ये फ्रँको गेला, अन् त्याच राजाच्या काळात १९७७ ला तिथे खुल्या निवडणुका झाल्या.