घरच्या संग्रहासाठी मराठी पुस्तकं छापील घ्यावीत की ई-बुक?

एकदा वाचून बाजूला पडणारी कादंबरी ई-बुकात घ्या. कोश, कवितासंग्रह, चित्रांची पुस्तकं आणि पुन्हा मिळणं कठीण अशी जुनी आवृत्ती मात्र छापीलच.

विकत घेण्याआधी फाईल ईपब (ई-बुकांचा नेहमीचा फाईल-प्रकार) आहे की स्कॅन केलेली पीडीएफ, ते नमुना पानं उघडून बघा. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. साडेपाच बाय साडेआठ इंची अख्खं पान सहा इंची ई-बुक रीडरवर निम्म्याहून थोडंच मोठं राहतं आणि 'ष्ट्र', 'द्ध्य' अशी जोडाक्षरं नुसते काळे ठिपके दिसतात. त्याला टॅब्लेटच हवा. शिवाय बहुतेक दुकानांत ई-बुकाचा फक्त वाचनपरवाना मिळतो. ॲमेझॉनच्या किंडलवरची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली.

छापील पुस्तकांचा खरा वैरी पावसाळा. कोकणात तर विचारूच नका! कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा, पुस्तकं ठासून भरू नका, नाहीतर हवा न खेळल्याने बुरशी येते. कसर लागली तर पुस्तक आधी वेगळं काढा, मग झटका. १८ मिमी प्लायची फळी तीन फुटांपेक्षा लांब नको, मधोमध वाकते.